औषधाच्या बाटलीतलं जमजम

मोंधर,

गॅसवर शोरबा आहे, गरम करून खा. मी बसने स्फॅक्सला जातेय, हेंदाताईकडे. न्यायला येऊ नकोस.

दुपारी तुझ्या आईचा फोन आला होता. "पोरी, मी मक्केहून आणलेल्या जमजमच्या पवित्र पाण्याचा गुण आला का गं? मोंधरने तुझ्या औषधाच्या बाटलीत तेच भरलंय ना?" बिचाऱ्यांना वाटलं, मला माहीत आहे.

डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. गोळी नशा सोडवायची आहे, पण पाण्यात विरघळवून अगदी थोडी घेतली तर अशा संधिवातात काहींना आराम पडतो. खात्री नाही, करून बघू. मला पडत होता. तुला मात्र खोक्यावरचं 'नशा' तेवढं दिसलं. लोक काय म्हणतील, हो ना?

जमजमवर माझा राग नाही. पेला हातात दिला असतास, तर बिस्मिल्ला म्हणून प्यायले असते. तू ते चोरून पाजलंस. बोटं पुन्हा आखडली, मी रडले, तर वर मलाच म्हणालास, "मी सांगत नव्हतो, त्या औषधात काही दम नाही?"

आणि रोज सकाळी माझ्या झग्याची बटणं लावून द्यायचास. मी ताईला फोनवर सांगायचे, नवरा असावा तर असा.

आज माझी मीच लावली. वेळ लागला. गळ्याशी एक राहिलंय, ते ताई लावेल.

नाजेत