खांद्याचा खळगा

प्रिय टिल्लू,

ही पत्रं वर अंतराळस्थानकात पाठवण्याआधी तुमच्या कचेरीतले लोक वाचतात, असा मला पक्का संशय आहे. वाचू देत.

गेले दोन रविवार तू पडद्यावर फारच गोड बोलतोयस. आईच्या डोळ्यांची चौकशी तीनतीनदा, आणि कधी येणार म्हटलं की लगेच खिडकीतून पृथ्वी दाखवायला लागतोस. आम्ही पृथ्वीवरच राहतो रे! फोनवर दोन शब्दांत उरकणारे तुमचे साहेबही परवा माझ्या खोकल्याबद्दल विचारत होते. तेव्हाच म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मंगळवारी आमच्या कारखान्यात सीटचं काम आलं. यानातली प्रत्येक सीट आम्ही त्या त्या माणसाच्या अंगाच्या साच्यावरून घडवतो. या कागदावर नाव नव्हतं, नुसता नंबर, आणि यान सहा महिन्यांनी उतरणारं. मुकादमांनी सरावासाठी आहे म्हणून मला वाटेला लावलं. सरावाला एवढी घाई? साचा पुसताना डाव्या खांद्याच्या खळग्याशी माझा हात थांबला. तो मी डोळे मिटूनही ओळखेन. लहानपणी मीच तुला भिंतीवरून ढकललं होतं, आणि तुझं हाड वाकडं जुळलं ते कायमचं.

त्या यानाने खरं तर तुमच्या डॉक्टरबाई उतरायच्या होत्या. दोन रविवार त्या पडद्यावर दिसलेल्या नाहीत. आजारी आहेत ना? आणि या महिन्यात उतरणाऱ्या यानातली तुझी जागा तू त्यांना दिलीस. चांगलंच केलंस, पण मला फार राग आलाय. सीट मात्र मीच घडवली. वर माणूस उंच होतो म्हणतात, म्हणून डोक्याशी दोन बोटं जागा जास्त सोडलीय.

आता ऐक. तुला पाहिल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं आई हटून बसलीय. हा महिना गेला तर नजर जाईल, असं डोळ्यांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. मग तू उतरशील तेव्हा तिला तुझा फक्त आवाज येईल. मी तिला सगळं सांगून पाहिलं, तर म्हणते, टिल्लू याच महिन्यात येतो म्हणालाय, आणि तो कधी खोटं बोलत नाही. मला मार बसू नये म्हणून तू तेव्हा मीच पडलो म्हणालास, ते ती अजून खरं धरून आहे. रविवारी तिला दोन्ही सांग, कधी येणार ते, आणि भिंतीवरून कुणी ढकललं ते. चिडेल आपल्या दोघांवरही, पण सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येईल.

तुझीच,
ताई