विहीणबाईंचे हात

१६ नोव्हेंबर
सून आली, नात आली. पहिलं बाळंतपण म्हणून सोनल माहेरी, फुलसावंगीला होती. दवाखान्यात मी तासभर गेले होते, तेव्हा दुपट्यातून बाळाचं नाक तेवढं दिसलं होतं. आज दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट पाहिली. नाक आमचंच आहे.

सोबत विहीणबाई. बारशापर्यंत राहणार. गोडंबीच्या लाडवांचा मोठा डबा आणलाय, बाळंतिणीसाठी. मी लगेच दोन खाल्ले. चव आहे बाईच्या हाताला.

हात मात्र बघवत नाहीत. बिब्बा फोडून आतली गोडंबी काढायची, हेच त्यांचं काम आयुष्यभर. बिब्ब्याचं तेल उडतं आणि कातडी जाळतं. बोटांवर काळे चट्टे, नखं काळीठिक्कर, एकदोन तर अर्धीच राहिलीत. चहाची कपबशी घेताना बोटं आत मुडपतात. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माझं स्वतःचं बोट ठणकतंय. नखुरडं. एमआयडीसीतल्या पोरांचे डबे करते, दिवसभर हात पाण्यात. नखाच्या कडेला सूज, दाबलं की पू. लिंबाला भोक पाडून बोटावर चढवून बसले आहे. हे हसले. म्हणाले, "तुह्या बोटाले टोपी घातली काय?"

१७ नोव्हेंबर
विहीणबाई बाळाला घेत नाहीत! रडली की सोनलला हाक मारतात, नाहीतर मला. दुपारी मुद्दाम म्हटलं, "घ्या ना वो जरा, मी कणीक मळून राह्यली." तर म्हणतात, "राहू द्या, तुमीच घ्या." आणि मी कणीक मळते ते बघत बसल्या. नातीची माया अशी असते? शेवटी लेकीची लेक, त्यांना काय.

ह्यांना बोलून दाखवलं. "तुले दुसऱ्याच्या घरचंच दिसते," म्हणाले आणि टीव्ही मोठा केला.

बाळाच्या टाळूवर पिवळी खपली धरली आहे. सोनल म्हणते, तेल लावून आपोआप निघते, खरडायची नाही. हल्लीच्या पोरींना सगळं आपोआप.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
बारसं झालं. म्हणजे नाव ठेवलं गेलं, गार्गी. बाकी काय झालं ते लिहावं की नाही...

लिहिते.

सकाळी मी हट्टाने अंघोळ घातली. आजीचा मान आहे. पायांवर पालथी घेतली तर कमरेखाली निळा-काळा डाग. चांगला तळहाताएवढा, माझ्या नाही, तिच्या. वर अजून एक लहान. मला बिब्बा चांगला ठाऊक आहे. माझ्या धाकट्या भावाला आमच्या आजीने दृष्ट लागू नये म्हणून बिब्ब्याची फुली दिली होती. फोड आले, ताप चढला, म्हातारा होत आला तरी पोटावर वण आहे. धोब्याची बिब्ब्याची खूण कपडा फाटला तरी निघत नाही, हेही पाहिलेलं. डोक्यात एकच आलं. ते हात. इथे लावत नाहीत, पण तिथे दोन महिने?

मी घासलं. आधी तिळाचं तेल, मग डाळीचं पीठ, मग पुन्हा तेल. डाग तसूभर हलला नाही. भोवतालचं मात्र लाल झालं. पोरगी किंचाळत होती. सोनल धावत आली, "आई, सोडा! ते जन्मापासून हाये. नर्सबाई म्हणे, काही नसते, जाते."

"तू तुह्या मायचीच बाजू घेशीन," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पाळण्याभोवती गल्लीतल्या बायका जमलेल्या, विहीणबाई कोपऱ्यात नवं लुगडं नेसून बसलेल्या. मी बाळाला उघडं करून सगळ्यांना दाखवलं. "विहीणबाई, लेकराले हात लावाच्या आंधी हात तरी पाहाचे आपले. पाहा, बिब्बा उतरवला पोरीच्या अंगावर."

विहीणबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. पाळणा म्हणायला कोणी सुरुवात करेना, शेवटी शेजारच्या वहिनींनी कसाबसा म्हटला.

१९ नोव्हेंबर
गेल्या. तिघीही.

सोनल जाताना पाया पडली, ते जास्त लागलं. भांडली असती तर बरं. प्रफुल बसस्टँडवर सोडून आला आणि न जेवता कंपनीत गेला. माझा मुलगा माझ्याकडे बघत नाही.

लाडवांचा डबा ओट्यावर तसाच.

२२ नोव्हेंबर
हे आज जेवताना म्हणाले, "बारशात बिब्बा कोणी घातला असंन, तर तू घातला." 

मी ताट सरकवून उठले. मी खोटं बोलले का? डाग होता की नव्हता? माझे डोळे अजून फुटले नाहीत.

२८ नोव्हेंबर
बोट फारच वाढलं. नख हिरवट दिसायला लागलं म्हणून यवतमाळात कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. लिंबाचं ऐकून हसले. "कोणी सांगितलं?" म्हटलं, सगळेच करतात. "म्हणून तर माझा दवाखाना चालतो." पू काढला, गोळ्या दिल्या. हात कोरडे ठेवायचे, भांडी घासताना रबरी हातमोजे, आत सुती. शिवाय पायाच्या अंगठ्याचं जाड पिवळं नख दाखवलं, ते बुरशीचं निघालं. त्याला महिनोन्महिने औषध. गेले एका बोटाचं घेऊन, आले दोन दुखणी घेऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निघताना सहज विचारलं. सहज कसलं, त्याच्यासाठीच तर गेले असेन. "साहेब, लहान लेकराच्या अंगावरचा बिब्ब्याचा डाग कशानं जातो?"

"फोड आले का?" नाही. "पाणी सुटलं, कातडी सोलली?" नाही. "कुठे आहे?" कमरेखाली. "कधीपासून?" सून म्हणते, जन्मापासून.

"मग तो बिब्बा नाही, बाई. बिब्ब्याने एवढ्या कोवळ्या कातडीची चाळण केली असती. ही जन्मखूण. आपल्याकडे कितीतरी लेकरांना असते. चार-पाच वर्षांत बहुतेक जाते, राहिली तरी काही बिघडत नाही. घासलं-बिसलं नाही ना तुम्ही?"

"नाई," मी म्हटलं.

डॉक्टरांशी खोटं बोलून काय मिळालं, देव जाणे. रिक्षात बसले तर सारखं त्या पोरीचं किंचाळणं कानात.

२९ नोव्हेंबर
वणीला ताईला फोन केला. माझ्या बाळंतपणात तीच आली होती. विचारलं, असा डाग तू कोणाला पाहिलास का? म्हणाली, "तुह्या प्रफुलले नोता काय! माय न्हाऊ घाले तवा म्हणे, कोण्या जन्मी घोड्यावरून पडला असंन. तू घरी गेली तवर पुसट झालता." मी बाजेवर शेक घेत पडलेली असायचे, मला काय माहीत. माझ्याच पोटच्या पोराच्या पाठीवर काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी दुसऱ्याच्या हाताकडे बोट दाखवलं. तेही पू भरलेलं बोट. त्याच बोटाने पोरीला अंघोळ घातली, टाळूला तेल लावलं. ते कोणाला दिसलं नाही. मलाही नाही.

३० नोव्हेंबर
सोनलला फोन केला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"मी तेच म्हटलं होतं, आई."

"हो. लाल झालतं ते?"

"बरं झालं."

"मग ये ना आता. मी चुकली, बापा."

तिनं आधी गार्गीला उगी केलं. मग, "मले कायले म्हणता? बोलल्या कोणाले?"

खरंच आहे. सुनेची माफी मागणं सोपं, ती घरची.

७ डिसेंबर
गेले नाही. डब्यांचं निमित्त. मग बोटाचं निमित्त. मग थंडीचं. जिभेला हाड नसतं, पायांना मात्र बरोबर जड व्हायचं कळतं.

प्रफुल आज बोलला. स्वतःहून, पहिल्यांदाच. म्हणाला, "तुले माईत हाये काय, सोनल माहेरी गेली त्या दिवसापासून तिच्या मायनं बिब्ब्याले हात लावला नाई. हंगामाचं काम सोडलं. घरात बाळंतीण म्हणून. अन् तरी बाळाले कधी उघड्या हातानं घेतलं नाई. सोनल म्हणे, माय, घे वो. तर म्हणे, माह्या हाताचं काही सांगता येत नाई."

म्हणजे आमच्याकडे आल्या तेव्हा, 'राहू द्या, तुमीच घ्या' म्हणाल्या तेव्हा...

मला वाटलं होतं, माया नाही.

पोळी तव्यावर जळली, वास सुटेपर्यंत कळलं नाही.

२१ डिसेंबर
जाऊन आले. हे सोबत होते, पण महागावपर्यंत झोपले आणि तिथून पुढे ड्रायव्हरशी गप्पा.

विहीणबाई अंगणात दगड मांडून बिब्बे फोडत होत्या. पुन्हा सुरू केलंय. तेल लागू नये म्हणून हाताला राख चोळलेली, बाजूला टरफलांचा ढीग. आम्हाला पाहून घाईने उठल्या, पदर घेतला, "या, या, बसा" केलं. सोनलला चहा टाकायला सांगितला. माझ्याशी अगदी रीतीने. एक वाकडा शब्द नाही. मी असते तर उंबऱ्यावरून परत पाठवलं असतं.

हे बाहेर गेले तेव्हा मी बोलले. रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरले. "विहीणबाई, माहं चुकलं. तो डाग जन्माचाच हाये. डॉक्टर म्हणे. बिब्ब्याचा नाई, तुमच्या हाताचा तर नाईच नाई."

त्या हाताची राख झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नर्सबाईबी तसंच म्हने. पर मले कई पटलंच नोतं. जन्मली तवाच मी पाह्यलं. मनात आलं, जलमभर बिब्बा फोडला, तो पोरीच्या पोटात उतरला अन् नातीच्या अंगावर निंघाला. कोनापाशी बोल्ली नाई. सोनलपाशीबी नाई. अन् तुमी चारचौघीत बोल्ल्या, तवा वाटलं, चला, विहीनबाईलेबी दिसलं. म्हंजे खरंच हाये."

"नाई वो! खोटं हाये ते. मी खोटं बोलली."

"तुमी मोठ्या मनाच्या, म्हून म्हनता आता."

माझी माफी त्यांनी अशी घेतली. मी चांगली बाई आहे म्हणून समजूत काढतेय म्हणे. मी! काय बोलू पुढे? डॉक्टर, ताई, प्रफुलचा डाग, सगळं सांगितलं. मान हलवत ऐकलं त्यांनी. एकही अक्षर आत गेलं नाही, दिसत होतं.

गार्गी जागी झाली. उचलून त्यांच्याकडे धरली. त्यांनी हात मागे घेतले, बारशाला घेतले तसेच.

"राहू द्या, तुमीच घ्या."

परतीच्या गाडीत हे काही विचारत होते. रडू आलं. हे घाबरले, खिडकी लावली.

२ जानेवारी
सोनल गार्गीला घेऊन परत यायला तयार आहे. प्रफुलचा चेहरा उजळला. संक्रांत झाल्यावर. मी म्हटलं, घाई करू नको, राहा मायजवळ अजून. प्रफुलला वाटलं मी रुसले. त्याला काय सांगू, की पोर तिथे राहिली तरच विहीणबाई कधीतरी तिला घेतील.

डॉक्टरांनी सांगितलेले सुती हातमोजे दुकानात पाहिले. दोन जोड घेतले, एक विहीणबाईंसाठी. घरी येऊन वाटलं, पाठवले तर पुन्हा त्यांच्या हातांवरच बोलल्यासारखं होईल. कपाटात ठेवले. माझं नख निम्मं नवीन आलंय. मुळापासून स्वच्छ, टोकाला अजून हिरवं.

११ जानेवारी
लाडवांचा डबा आज घासला. शेवटचे चार लाडू कोणी खाल्लेच नव्हते, खवट झाले. डबा रिकामा परत करायची रीत नाही. तिळाचे लाडू करून भरले. पाक जरा कडक झाला. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायचं, ते मी कोणत्या तोंडाने?

दुपारी फोन वाजला. विहीणबाई! स्वतःहून कधी करत नाहीत. आवाज हरखलेला. "विहीनबाई, डाग पुसट होऊन राह्यला वाटते. वरचा लहाना तर दिसतच नाई धड. मी रोज पाह्यतो ना, दुरून."

"मग घेतलं काय तिले?"

"नाई अजून. पुरा गेला का घेईन."

पुरा गेला की. चार-पाच वर्षं म्हणाले होते डॉक्टर. राहिली तरी काही बिघडत नाही, असंही म्हणाले होते. तोवर गार्गी अंगणात पळत असेल, मांडीवर कोण बसतंय. आणि तिला कळायला लागलेलं असेल की ही आजी आपल्याला हात लावत नाही.

फोनवर मी 'बरं बरं' म्हटलं.

उद्या डब्यांना सुट्टी सांगितली आहे. पहिल्या गाडीने जाते, एकटीच. समजावून सांगायचं नाही काही, बोलून खूप झालं माझं. गार्गीला उघडी करून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवीन आणि उठून बाहेर जाईन. मग त्या हात लावतात की सोनलला हाक मारतात...