विहिरीत कुणी वाकून पाहिलं

दादा,

काल निगडीच्या घरी नातीला उतारा वाचून प्रश्न सोडवायला बसवलं होतं. दोन उत्तरं तिला सारखीच वाटत होती. चिडून म्हणाली, "आजोबा, दोन्ही बरोबर आहेत." मला एकदम कुरुळीची आपली शाळा आठवली. घरी तुम्ही दादा आणि शाळेत गुरुजी. वडील असलात तरी वर्गात मीही तुम्हाला गुरुजीच म्हणायचो आणि पोरं फिदीफिदी हसायची. तुम्ही फळ्यावर चार ओळींचा उतारा लिहायचात आणि खाली दोन उत्तरं, जुळ्या भावांसारखी. एका उताऱ्यात मालक विचारतो, विहिरीला पाणी आहे का, आणि गडी म्हणतो, आहे. पहिलं उत्तर, विहिरीला पाणी होतं. दुसरं, पाणी आहे असं गडी म्हणाला. आम्ही सगळ्यांनी पहिल्यालाच हात वर केले. आमच्याकडं घरच्या गड्यानं सांगितलं म्हणजे झालंच की. तुम्ही खडू खाली ठेवलात. "लेकांनो, उताऱ्यात कुणी विहिरीत वाकून पाहिलंय का?" मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, आमी जाऊन बघून येतो की!" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

पुढं पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि भरतीच्या परीक्षेला तुम्ही माझ्याबरोबर आलात. एस.टी.तून उतरून आपण चालतोय. मध्येच तुम्ही छातीवर हात ठेवून ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसता. ऊन अजून चढलेलंही नाही आणि तुमच्या कपाळावर घाम. "दादा, दुखतंय का? माघारी फिरू या." तुम्ही म्हणता, "न्हाई रे. तू पळ. घंटा व्हईल." मी पळालो. आत उतारा आला, सारखी दिसणारी उत्तरं आली. तुम्ही शिकवलं होतं तसं एकेक ओळ परत वाचून मी खुणा केल्या. बाहेर आलो तेव्हा तुम्ही तिथंच होतात, डोळे मिटून. नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

दुखत नाही, असं तुम्ही म्हणालात. त्या सकाळबद्दल मला एवढंच ठाऊक आहे. पुष्कळ वर्षं तुमच्यावर राग धरला. भरती काय, पुन्हा निघाली असती. पगार झाला की आधी तुम्हाला सांगावंसं वाटायचं, निवृत्त होईपर्यंत वाटत राहिलं. हे कागद टपालात टाकायचे नाहीत, तरी लिहितोय.

काल तिला मी तुमचाच तो उतारा सांगितला. तिला लगेच कळलं, गडी तसं म्हणाला एवढंच. आज तिची परीक्षा. सकाळी खाली सोडायला निघालो तर जिन्यातच मला दम लागला. ती थांबली. "आजोबा, बरं नाही का वाटत?"

"बरं आहे. जा तू, बस चुकेल."

ती गेली नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली. दादा, तेवढ्या वेळापुरतं तरी तिला काल शिकवलेलं आठवू नये, असं मला फार वाटलं.