खुर्चीखालचा ठोकळा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
जिल्हा नवोपक्रम कक्ष, रत्नागिरी.

विषय : आपल्या खुर्चीखालचा ठोकळा परत मिळणेबाबत.
संदर्भ : माझा संचासह अर्ज, आवक क्र. ४१७, दि. २० जानेवारी २०२५.

महोदय,

१. सोल्डरिंग न करता, ठोकळ्याला ठोकळा जोडून कोणालाही इंटरनेटवर चालणारे यंत्र करून पाहता यावे, असा संच मी तयार केला आहे. प्रत्येक ठोकळ्यात स्वतंत्र सिम असल्याने ते दूर ठेवले तरी एकमेकांच्या संपर्कात राहतात. माझी आई चिमा हिला ऐकू येत नाही. पायरीवर वजन पडले की स्वयंपाकघरात दिवा लागावा, हे पहिले यंत्र तिच्यासाठी केले. भिंतीत बसवलेला दिवा वगळून बाकी संच मी आपल्याकडे तपासणीस दिला.

२. आवक लिपिकांनी 'एका अर्जात एकच विषय' या नियमावर बोट ठेवून संच सुटा केला व चार ठोकळे चार शाखांना पाठवले. वजन ओळखणारा ठोकळा आस्थापना शाखेने आपल्या खुर्चीच्या आखूड पायाखाली बसवला. खुर्ची डुगडुगायची थांबली, याचा मला आनंदच आहे.

३. तथापि आपण स्थानापन्न झालात की आमच्या गावी, पालीस, स्वयंपाकघरात दिवा लागतो. मुंबईहून माझा भाऊ ओमकार आला असे समजून आई तवा उतरवते, दार उघडते आणि रस्त्यापर्यंत बघून येते. दिवा लागल्याच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. त्यावरून आपण कार्यालयात किती वेळ बसता हेही कळते. परंतु एका अर्जात एकच विषय असावा.

४. ठोकळ्याऐवजी मी फणसाच्या लाकडाची पाचर करून दिली होती. ती लाकडाची असल्याने वनविषयक शाखेकडे अभिप्रायार्थ गेली आहे.

५. गेल्या गुरुवारी व शुक्रवारी आपण रजेवर होतात. दोन्ही दिवस आई दिव्यासमोर पाट मांडून बसली. संध्याकाळी म्हणाली, "आज कोन आलाच नाय गो?" मला फार वाईट वाटले. खोटा का होईना, तिला त्या दिव्याचा आधार झाला आहे.

सबब, ठोकळा परत द्यावा. ते नियमात बसत नसल्यास आपण स्वतः एकदा पालीस यावे व आमच्या दारात पोहोचण्याच्या ठरल्या वेळी आपल्या खुर्चीवर शिपायास बसवण्याची व्यवस्था करून निघावे. म्हणजे दिवा लागेल, आई दार उघडील, आणि एकदा तरी दारात कोणी असेल.

उत्तराची व आपलीही वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
दीपाली काशीराम गोताड
मु. पो. पाली, जि. रत्नागिरी
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : १. दिवा लागल्याच्या वेळांची नोंद.
२. दुसरी पाचर (कृपया कोणत्याही शाखेकडे पाठवू नये).