मालकाची सही

आबा, तुमची सही पाहिजे होती. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि मी तुमच्याकडे सही मागतेय, म्हणजे पोरीचं डोकं फिरलं असंच तुम्ही म्हणाल. पण मागणारी मी नव्हते, वनखात्याची कचेरी होती. कागदावर ज्याला नीलगाय म्हणतात तो आपला रोही मारायची परवानगी हवी असेल तर बंदूकवाला ज्या ज्या रानात पाय ठेवणार, त्या प्रत्येक रानाच्या मालकाची लेखी संमती अर्जाला जोडावी लागते. आपल्या शिवारातल्या सगळ्यांच्या सह्या मी घरोघर फिरून आणल्या. राहिला आपलाच तुकडा, कारण सातबाऱ्यावर त्याचे मालक अजून तुम्हीच होतात. मी नुसती पेरायची, खुरपायची आणि उगवलेलं रोह्यांना वाढायची. त्याच संमतीपत्राच्या उरलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर हे लिहितेय.

तुमच्या वेळी चार-दोन रोही यायचे, तेही बुजरे. तुम्ही बांधावर उभं राहून नुसतं खाकरलात तरी उधळायचे. आता कळप येतो. घोड्याएवढाले नर पुढे असतात, माणूस दिसला तर मान वर करून बघतात आणि परत खाली घालून खायला लागतात. औंदा हरभरा मी दोनदा पेरला. पहिला वीतभर झाला होता, एका पहाटेत शेंड्यांसकट गेला. जुन्या साड्या कुंपणाला बांधून पाहिल्या, झटक्याची तार लावली. ती त्यांनी उडी मारून ओलांडली. तुमचे जावई जाफराबादच्या रस्त्यावर जीप चालवतात, बोलणं कमी. यंदा एवढंच म्हणाले, “हा बी हरभरा गेला ना, मंग पुढच्या साली मी काय नांगर घालत न्हाई. बदनापूरला खोली बघून ठिवलीय. रान कोणाला ठोक्यानं दे, न्हाई तर पडीक पडू दे.” ते चेष्टा करत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे या शिवारातून रोही तरी जाणार, नाही तर आम्ही.

कचेरीतला माणूस भला होता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, “ताई, रोही आन् रानडुक्कर, एवढ्यालाच परवानगी मिळती. काळविटाला धक्का लागला तर तुम्ही-आम्ही सगळे आत जाऊ.” मग सातबारा उघडला आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं.

“हे कोण?”

“वडील.”

“यांची सही लागंल.”

“ते न्हाईत.”

“बाहेरगावी गेलेत का? मंग आल्यावर आणा की. एवढी काय जल्दी हाय?”

मला हसू आलं, आबा. ते आता येत नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा तो बिचारा ओशाळला. हळूच म्हणाला, “वारस लावून घ्यायचा ना ताई. इतकी वर्षं काय केलं?”

काय केलं ते तुम्हाला सांगते. तुम्ही गेलात त्याच वर्षी मी मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे गेले होते. एकुलती एक, आई तुमच्या आधीच गेलेली, भांडायला कुणी नाही; दहा मिनिटांचं काम. त्यांनी समजावून सांगायला म्हणून दुसऱ्याच कुणाचा तरी उतारा दाखवला. पूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाला कंस करायचे, आता आडवी रेघ मारतात. त्या उताऱ्यावर कुणा म्हाताऱ्याच्या नावातून रेघ आरपार गेली होती. एक झेरॉक्स घरी राहिली असं सांगून मी उठले, ती परत गेलेच नाही. दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी सुगी, कधी कुणाचं लग्न. खरं म्हणजे माझा हात धजत नव्हता.

कारण ते नाव तिथं कसं लागलं ते मी पाहिलंय. दिवाळी सरली की आपण लोकांच्या रानात मेंढरं बसवत हिंडायचो. कुणाच्याही बांधाशी गेलात की तुम्ही चपला काढून उभे राहायचात. “मालक, येऊ का?” आणि आतून “ये” असं कानावर आल्याशिवाय पुढं पाऊल नाही. एकदा दुपारी तुमचा डोळा लागला आणि मेंढरं एका मोकळ्या रानात शिरली. ज्वारी काढून झालेली, कडबा उचललेला, नुसती धसकटं. मी म्हणाले, “राहू द्या की आबा, काय खराब करत्यात?” तुम्ही मला मारलं नाहीत. सगळी मेंढरं माझ्याकडून बाहेर काढून घेतलीत आणि मालक येईपर्यंत दोघं उन्हात उभे. मालक आला आणि आपल्याकडे बघून हसत सुटला, म्हणाला, “आरं, शिरायचं की मंग!” तेव्हा कुठं आपण शिरलो. तुम्ही मात्र हसला नाहीत. वाटेत मला म्हणालात, “ज्याचं रान त्यानं ये म्हणल्याबिगर जायचं न्हाई. ध्यानात ठिव.” मला तेव्हा तुमचा राग आला होता, आणि त्या हसणाऱ्या माणसाचा जास्त.

मग ती सगळी मेंढरं विकून तुम्ही हे पाच एकर घेतलंत. खरेदीखताला अंगठा देणार नाही म्हणून हटून बसलात. मी चौथीत होते. आई भाकरी थापायची आणि चुलीपुढं राख पसरून मी तुम्हाला तुमचं नाव गिरवायला शिकवायची. सगळं जमलं, फक्त पहिली वेलांटी तुम्ही कायम अक्षर काढून झाल्यावर काढायचात. मी पुसायची, तुम्ही परत तशीच. “आदी अक्षर बोलतो, मंग ई बोलतो. मंग लिवायची आदी कशाला?” मी गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, तशीच असते. आई म्हणाली, “सोड गं, त्यांच्या डोक्यात शिरलं की शिरलं.” रजिस्टर कचेरीत तुम्ही तशीच सही ठोकलीत आणि बाहेर येऊन मला शेवपापडी घेऊन दिलीत. राखेनं भरलेल्या नखांनी मी ती खाल्ली होती.

आणि ते बंदूकवाले आठवतात? आपण नवीनच रान कसायला लागलो होतो. जीपमधून तिघं उतरले, शहरातले, पायात बूट. हरीण मारायला आले होते. परवाना-बिरवाना काही नसणार, पण बांधापाशी थांबले आणि त्यातला एक म्हणाला, “मालक, आत येऊ का?” तुमच्या आयुष्यात तुम्हाला असं कुणी पहिल्यांदा विचारलं. तुम्ही खुरपं खाली ठेवलंत, धोतराला हात पुसलेत, मिशीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, “न्हाई.” ते म्हणाले, तुमचंच पीक वाचेल. तुम्ही म्हणालात, “त्यास्नी शिव्या द्यायला आमी हाव. मारायला तुमी कशाला पायजे?” ते गेले. तुम्ही दिवसभर खुशीत होतात. मी पुष्कळ वर्षं समजत होते की तुम्हाला हरणांची दया आली. आता माझ्याच वाटणीला रान आल्यावर वाटतं, दया असेलही थोडी, पण तुम्हाला एकदा तरी “न्हाई” म्हणून बघायचं होतं. तरी ते “न्हाई”च होतं ना. ते मोडायचं म्हणजे तुमच्या नावावरून रेघ ओढायची आणि तुमचा शब्दही खाली पाडायचा. दोन्ही एकाच कागदावर.

बांधाला बांध असलेल्या काकांनी, ज्यांच्याशी तुम्ही जन्मभर बांधालगतच्या एका तासावरून, नांगराच्या एका ओळीवरून भांडलात, त्यांनी सर्वात आधी सही केली. कचेरीतून आल्यावर माझं रडगाणं ऐकून म्हणाले, “एवढं काय त्यात? तूच मार की सही बापाच्या नावानं. तूच शिकवल्ती न्हवं? मी काय सांगत न्हाई कोणाला.” तुमचे भांडखोर शेजारी आता फार मऊ झालेत, तुमच्या नावानं डोळे पुसतात आणि तो तास मात्र हळूच आपल्या रानात सरकवतात. मी घरी येऊन खरंच बसले. कोऱ्या कागदावर पाच-सहा वेळा तुमचं नाव लिहिलं. अक्षरं तुमच्यासारखी वेडीवाकडी काढली, पण वेलांटीपाशी आले की हात आपोआप आधी वळायचा. तुमची चूक मला काही जमेना. कागद चुलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे अर्ज दिला.

त्यानंतर पंधरा दिवस नोटीस असते, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मी रोज चावडीवरून जाताना तो कागद बघायची. हरकत कोण घेणार होतं? घेतली असतीत तर तुम्हीच. पंधरा दिवस गेले. नवा उतारा हातात आला, वर माझं नाव, खाली तुमचं, आणि रेघ. बारीक आहे, आबा, वाचता येतं.

संमतीपत्रावर मग मी सही केली. परवानगी आली. परतूरकडचे एक निवृत्त जवान आहेत, परवान्याची बंदूक असलेले, ते काल रान बघायला आले. बांधाशी येऊन थांबले आणि म्हणाले, “मालकीणबाई, आत येऊ का?” मी या म्हणाले. पण इतकं हळू, की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

आत आल्यावर त्यांनी खांबावरच्या भोंग्याकडे बघितलं. तुमचाच भोंगा. शेवटच्या हंगामात, नुसतं खाकरणं पुरेना झालं तेव्हा, जाफराबादच्या बाजारातून आणलेला. बटन दाबून ओरडायचं, मग तो तेच सारखं ओरडत राहतो. आधी लाजलात; यंत्रापुढं काय ओरडायचं म्हणालात. मग सुटलात ते सुटलातच. “हाऽऽ हुर्रर! निघ मुडद्या! तुझ्या बापाचं रान हाय का रं?” आणि शेवटी, थांबवता येईना म्हणून माझ्याकडे वळून, अगदी वेगळ्या, घरातल्या आवाजात, “आगं ए, हे बंद कसं करायचं?” तेही त्यात भरलं गेलं. आपण किती हसलो होतो त्या दिवशी. परत भरू म्हणालात, ते राहूनच गेलं. तेव्हापासून रोज दिवस कलला की तो आपसूक सुरू होतो आणि सकाळपर्यंत तुम्ही पाच एकरावर ओरडता, शिव्या देता आणि विचारता, हे बंद कसं करायचं. शिवारातली पोरं तुमची नक्कल करतात.

जवान म्हणाले, “उद्या तेवढं हे बंद ठिवा. जनावर बिचकलं की नेम लागत न्हाई.”

मी म्हणाले, “त्याला आता कोणी बिचकत न्हाई.”

“मंग कशाला लावता?”

तुम्हाला सांगते. पहिला एक हंगाम रोही तुमच्या आवाजाला भ्याले. दुसऱ्या हंगामात एका सकाळी मी बघितलं, दोन माद्या खांबाखालीच उभ्या राहून तूर खात होत्या, आणि वरून तुम्ही त्यांचा बाप काढत होतात. त्या दिवसापासून मला माहीत आहे. तरी बॅटरी दोनदा नवी आणली. तुमच्या जावयांनी विचारलं की मी सांगायची, थोडेफार बिचकतात अजून.

उद्या पहाटे ते येणार आहेत. मारलेल्या जनावराचा पंचनामा होईल, मग वनखात्याची माणसं ते पुरतील, आणि मला तिथं मालक म्हणून उभं राहावं लागेल. हरभरा वाचला तर आम्ही इथंच राहू. तुम्ही हो म्हणाला असतात की न्हाई, ते मला कळत नाही, आणि आता विचारायची सोय नाही. दिवस कललाय. तुमचं सुरू झालं तिकडं. शिव्या संपत आल्या, आता विचाराल.

उजव्या अंगाला बटन आहे, आबा. मला येतं बंद करायला. जाते. थोड्या वेळानं जाते.