क्लिपच्या कडेला उरलेला फुगा

१२ जाने., सोमवार
डिंगोऱ्याच्या शाळेत चौथीला गुणाकार शिकवत होते. पुण्याच्या हॉस्पिटलातून फोन. "मॅडम, सहा महिन्यांनी करायची डोक्याची अँजिओग्राफी राहिलीय. मिस्टरांना दोनदा तारीख दिली." मला वाटलं, चुकून दुसऱ्या पेशंटचा नंबर लागला. मेंदूतल्या नसेला आलेला फुगा जुलैत क्लिप लावून बंद केला, विषय संपला, असंच सगळ्यांनी सांगितलेलं.
संध्याकाळी यांना विचारलं. हे मेथी निवडत होते (हे घरकामही ऑपरेशननंतरचंच). "काय न्हाई गं, रूटीन असतं त्यांचं." माझ्याकडे पाहिलं नाही. देठं भाजीत, पानं कचऱ्यात.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. फाईल विचारली तर म्हणे दादाकडे. माझ्या डोक्याची फाईल माझ्या भावाच्या कपाटात, महाळुंगे पडवळला! तिळगुळाच्या निमित्ताने माहेरी गेले. दादा रानात. वहिनीने लगेच काढून दिली, "घ्या की, तुमचीच हाय." आत एक पेन ड्राइव्ह.

१५ जाने., गुरुवार
शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरवर लावला. माझ्या ऑपरेशनचा व्हिडिओ.
डोकं उघडं असतानाच शिरेतून रंग सोडतात. मग खास दिव्याखाली रक्त वाहतं तेवढ्याच नसा काळ्यावर पांढऱ्या उजळतात. तीन तुकडे आहेत. पहिल्यात नस आणि वाटाण्याएवढा फुगा. दुसऱ्यात क्लिप लावलेली, फुगा काळा, पण शेजारची केसाएवढी नसही काळी. तिसऱ्यात क्लिप जरा सरकवलीय. बारीक नस उजळली. आणि क्लिपच्या कडेला फुग्याचा एक कोपराही.
तीनदा पाहिलं. शिपाईमामा कुलूप घेऊन उभे होते.

१६ जाने., शुक्रवार
डॉक्टरांना फोन. खोटं बोलले नाहीत. "ती बारीक नस बंद राहिली असती तर तुमचा उजवा हात गेला असता. म्हणून फुग्याचा थोडा भाग सोडला. तो वाढतोय का, हे बघत राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी मिस्टरांना आणि तुमच्या भावाला बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळं सांगितलं होतं. तेच म्हणाले, तिला सांगू नका."
हात वाचवला, उपकार आहेत. याच हाताने लिहितेय. पण कॉरिडॉरमध्ये? मी आत शुद्धीवर होते की.

१७ जाने., शनिवार
दादा आला तोच आवाज चढवून. "तुला सांगून काय व्हणार व्हतं? आपल्या आण्णांना त्यांचा आजार सांगितला, तर हाय खाऊन आठ दिसांत गेले."
आमच्याकडे हे असंच. पेशंट सोडून गावाला माहीत.
"बरं, नाही सांगितलं. तारीख का चुकवली?" दादाने यांच्याकडे बघितलं. शेवटी हे म्हणाले, "तुला परत त्या टेबलावर न्यायचं... माझं धाडसच झालं न्हाई."
डिसेंबरात पोरांची सहल घेऊन शिवनेरी चढले. हे पतसंस्थेतून रजा काढून पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे मागे. नवरा किती जीव लावतो म्हणून स्टाफरूममध्ये मिरवलं मी! लाड नव्हता, पहारा होता. एवढी भीती होती तर अडवायचं होतं. चढू दिलं मला. राग राग होतोय नुसता.

१९ जाने., सोमवार
रेहानाभाभीकडे गेले. शेजारीण, ब्लाउज शिवते, आणि पंधरा वर्षं माझं सगळं पोटात ठेवणारी. "तुम्हाला माहीत होतं?" मशीन थांबलं. "तुमच्या मिस्टरांनी हात जोडले माझ्यापुढं. मी रोज दुवा मागत व्हते तुमच्यासाठी."
देवाशी बोलली रोज. माझ्याशी नाही. यांच्यापेक्षा हेच जास्त लागलं. ब्लाउज न घेताच आले.

२१ जाने., बुधवार
यांच्याशी बोलणं बंद. ताट वाढते. आज म्हणाले, "मी येऊ का पुण्याला?" मी ताट पुढे सरकवलं. फुगा वाढला असेल तर? हे कोणाला विचारू? ज्यांना विचारायचं ते सगळे यात सामील.

२३ जाने., शुक्रवार
पुणे. हे आलेच, एसटीत माझ्या मागच्या सीटवर बसून. फॉर्मवर सही मी केली. अँजिओग्राफी झाली. मांडीतून नळी घातली होती, तिथं दाबपट्टी, हलायचं नाही.
चारला डॉक्टर आले. हे सवयीने उठून दाराकडे निघाले, डॉक्टरही त्यांच्यामागे वळले.
"इथंच बोला," मी म्हटलं.
डॉक्टर थांबले. तोंड उघडायच्या आधी त्यांनी यांच्याकडेच पाहिलं.
"डोकं माझंय. इकडे बघून सांगा."