मांडवाविना धवळा

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
जमात दाखले विभाग.

विषय : सुनावणीच्या दिवशी अर्जदारास लग्नातला धवळा म्हणू देण्याबाबत व तो पुरता ऐकून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या चौकशी पथकाची घरभेट व त्यानंतरचे आपले खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

अर्जदार चिमाबाई, राहणार ठाकरवाडी, तालुका खेड, ही चाकणच्या एका कारखान्यात कॅन्टीनची भांडी घासते. तिला सहीपलीकडे लिहिता येत नाही, म्हणून हा अर्ज तिची मुलगी वर्षाली लिहीत आहे. अर्जाच्या रिवाजाप्रमाणे लिहिणारीने स्वतःला 'मुलगी' असे म्हटले आहे. भाषेत कुठे ताठा आढळल्यास तो मुलीचा समजावा. अर्जदार स्वभावाने गरीब आहे.

१. वाडी सगळी ठाकर जमातीची. तिथली शाळा चौथीपर्यंत. पुढे मुलगे कंत्राटदाराच्या गाडीत बसतात आणि मुली बोहल्यावर उभ्या राहतात. बारावी झालेली वाडीतली ही पहिलीच मुलगी. तिला ताथवडे येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश मिळाला आहे. महिनाअखेरपर्यंत पडताळणीचा दाखला दिला नाही, तर प्रवेश रद्द होईल.

२. पथकाचे साहेब घरी आले, तेव्हा त्यांनी मुलीला वाडीच्या बोलीत बोलायला सांगितले. मुलगी अडखळली. ही बोली शाळेत तोंडातून निघाली की सारा वर्ग हसायचा, म्हणून मुलीने ती हट्टाने घालवली होती. अहवालात 'मुलगी शुद्ध मराठी बोलते, जमातीच्या खुणा आढळत नाहीत' असा शेरा आहे. आधी अशुद्ध बोलते म्हणून आणि आता शुद्ध बोलते म्हणून, असा मुलीने दोन्हीकडून मार खाल्ला.

३. मग साहेबांनी अर्जदारास लग्नातले गाणे म्हणायला सांगितले. वाडीतली लग्ने अर्जदारच धवळा म्हणून लावते. परंतु धवळा मांडवाखाली, हळद लागलेल्या नवरीसमोरच म्हणायचा असतो. एरवी जिने म्हटला, तिला पुन्हा कोणी मांडवात गाऊ देत नाही, अशी वाडीची रीत आहे. अर्जदार हात जोडून म्हणाली, "सायेब, मांडव न्हाई, नवरी न्हाई. धवळा कुणापुढं म्हणू?" साहेबांनी 'गीत माहीत नाही' असे लिहिले आणि चहा घेऊन ते गेले.

४. आपले पत्र आल्यावर वाडीने डोके चालवले. मागच्या लग्नांची मोबाइलवरची चित्रणे पाहिली. त्यांत अर्जदाराचे तोंड हलताना दिसते, पण आवाज डीजेचा येतो. तेव्हा मुलीचे मामा अर्जुनराव यांनी मुलीचेच लग्न लावावे व साहेबांना आमंत्रण द्यावे, असा तोडगा काढला. स्थळही आणले, मुलगा कंपनीत माल चढवतो. नुसते दाखवायचे लग्न, असे मामा म्हणतात, पण वाडीत हळद लागली की लग्न झालेच. म्हणजे मुलगी कागदावर ठाकर ठरेल आणि कॉलेजऐवजी सासरी जाईल. तरीही या गोष्टीचा घरात गंभीरपणे विचार झाला, हे आपल्याला कळावे. मुलीला मामांचा राग आला नाही. तिला भीती वाटली, कारण अर्जदार नको म्हणत नव्हती.

५. काल अर्जदाराने कामावर खाडा केला आणि मुलीला हा अर्ज लिहायला बसवले. अर्जदाराचे म्हणणे असे की, सुनावणीला ती आपल्यासमोर मांडवाविना धवळा म्हणेल. त्यानंतर वाडीतल्या कोणत्याही लग्नात ती गाणार नाही. हे वाक्य लिहिताना मुलीने हात थांबवला आणि माझ्या लग्नात कोण म्हणेल, असे विचारले. अर्जदार म्हणाली, "तुझाच म्हणनार हाय मी तिथं. तू समोर उभी ऱ्हा, मंग शिकाया जा."

सबब, दाखल्याचा निर्णय आपण नियमाप्रमाणे घ्यावा. मुलीची आपल्याकडे वेगळी विनंती इतकीच आहे की, धवळा लांब असतो. खात्री पटली तरी मध्येच पुरे म्हणू नये. मुलीला तो पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

सुनावणीस हजर राहणारी,
आपली नम्र,
चिमाबाई (सही)

लिहिणार : वर्षाली
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५